न सापडलेल्या कणाचा सत्कार

आमच्या भागात ऊस आणि सत्कार ही दोन्ही पिकं बारमाही आहेत. उसाला निदान पाणी लागतं. सत्काराला एक शाल, एक नारळ आणि माइक धरून ठेवणारा माणूस एवढं पुरतं. बारामतीच्या कॉलेजात मी मराठी शिकवण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली. तेवढ्या काळात दहावी पास झाल्याबद्दल, दहावी नापास होऊनही राजकारणात यशस्वी झाल्याबद्दल, परदेशी जाऊन आल्याबद्दल आणि परदेशी जाणार असल्याबद्दल झालेले सत्कार मी डोळ्यांनी पाहिले. पण जी गोष्ट सापडलीच नाही ती शोधून काढल्याबद्दल सत्कार झालेली व्यक्ती माझ्या पाहण्यात एकच. डॉ. सुनंदा घोगरे. आमच्या कॉलेजच्या फिजिक्सच्या मॅडम.

मॅडम मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या. घरी ऊस आणि डाळिंब. वडिलांना सगळं गाव आबा म्हणे. स्वतः मॅडम जळोचीत दोन खोल्या घेऊन एकट्या राहत आणि स्कूटरवरून कॉलेजला येत. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. वर्गात त्या ओरडल्याचं कोणी ऐकलं नाही. गरजच पडत नसे, कारण त्यांच्याकडे एकच शब्द होता आणि तो कमी आवाजात जास्त लागायचा. “कशावरून?”

विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, अभ्यास केलाय,” की “कशावरून?” शिपाई म्हणाला, “साहेब मीटिंगमध्ये आहेत,” की “कशावरून?” आमच्या प्राचार्यांनी एकदा स्टाफ मीटिंगमध्ये जाहीर केलं की कॉलेजची प्रगती वेगानं चालू आहे. मागच्या रांगेतून तोच शब्द आला. प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि चहा मागवला. त्या दिवशीची मीटिंग प्रगतीच्या मुद्द्यावरच संपली.

मॅडमचं लग्न याच शब्दानं मोडलं असं त्या स्वतः सांगत. वडगाव निंबाळकरहून मंडळी बघायला आली होती. पोहे झाले. मुलाचे मामा म्हणाले, “आमचा मुलगा एकदम निर्व्यसनी बघा.” तरुण सुनंदानं पोह्यांची रिकामी बशी उचलता उचलता विचारलं. मामांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं छताकडे पाहिलं. मंडळी पुन्हा आली नाहीत. “चांगला प्रयोग होता,” मॅडम म्हणत. “पहिल्याच मोजमापात निकाल.”

त्यांचं संशोधन काय, हे मी पहिल्याच वर्षी विचारण्याचा आगाऊपणा केला होता. स्टाफरूममध्ये त्या बिनसाखरेचा चहा पीत बसल्या होत्या. साखर कारखान्याच्या सभासदाची मुलगी बिनसाखरेचा चहा पिते, हाही आमच्याकडे चर्चेचा विषय होता.

“उसाचे ट्रक बघता ना सर, संध्याकाळी भिगवण रोडला?” त्या म्हणाल्या. “समजा दोन ट्रक समोरासमोर भरधाव येतायत. एक इलेक्ट्रॉन, दुसरा पॉझिट्रॉन. म्हणजे त्याचाच उलट्या स्वभावाचा भाऊ. जपानमधल्या एका यंत्रात हे दिवसरात्र चाललेलं असतं. जगातल्या बहुतेक शास्त्रज्ञांना त्यांची टक्कर हवी असते. दोघंही नाहीसे होतात आणि त्या ऊर्जेतून नवीन काहीतरी बाहेर पडतं.”

“आणि तुम्हाला?”

“मला न झालेला अपघात हवा असतो. दोन्ही ट्रक शेजारून निघून जातात, जरासे कलून. पण जाताना दोघांचे हेडलाइट एकमेकांवर पडतात. उजेडावर उजेड आपटतो. आणि कधीतरी त्या दोन उजेडांतून एक कण तयार होतो.”

“उजेडातून वस्तू?”

“होय. पण टिकत नाही. झाला म्हणेपर्यंत फुटतो. आम्ही तुकडे गोळा करतो, त्यांची बेरीज करतो आणि म्हणतो, इथं कोणीतरी होतं. अशा कणाला रेझोनन्स म्हणतात.”

मराठीचा प्राध्यापक म्हणून माझं कर्तव्य जागं झालं. मी म्हटलं, “मराठीत अनुनाद म्हणता येईल.”

“छान,” त्या म्हणाल्या. “आता दोघांनाही कळणार नाही.”

पुण्यातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेतले एक ज्येष्ठ सर त्यांचे मार्गदर्शक होते. त्यांच्या ओळखीनं मॅडम त्या जपानी प्रयोगाच्या मंडळात होत्या. असल्या मंडळात जगभरची शेकडो माणसं असतात, त्यांतली एक बारामतीत बसून लॅपटॉपवर काम करायची. कॉलेजला याचं सोयरसुतक नव्हतं. फिजिक्स विभागाला नवीन प्रोजेक्टर मिळाला त्या दिवशी जेवढा आनंद झाला, तेवढा मॅडमच्या कुठल्याच पेपरनं कधी झाला नाही. प्रोजेक्टरसोबत फोटो काढता येतो.

मग तो उंचवटा आला.

तुकड्यांच्या बेरजेचा आलेख काढला की जिथं कण असेल तिथं रेघ फुगते. मॅडमच्या आलेखात एका जागी रेघ फुगली. तिथं आजवर कोणाला काही दिसलेलं नव्हतं. वार्षिक अहवालात त्यांनी लिहिलं, “एका नव्या रेझोनन्सचा संभाव्य संकेत, पडताळणी चालू.” त्या वर्षी कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती. प्राचार्यांनी अहवाल वाचला. भाषा सुटसुटीत करायची त्यांना फार हौस. त्यांनी “संभाव्य” काढलं, “पडताळणी चालू” काढलं. उरलं ते वर्तमानपत्राला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. बारामतीच्या प्राध्यापिकेनं विश्वातला नवा कण शोधला. मॅडम बातमीचं कात्रण घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. मीही कुतूहलानं मागोमाग गेलो.

“सर, हे कोणी सांगितलं?”

“अहो मॅडम, अभिनंदन! तुम्हीच तर लिहिलंय.”

“मी ‘संभाव्य’ लिहिलं होतं.”

“असू द्या हो. माणसानं आत्मविश्वास ठेवावा.”

तोवर बातमी इंदापूरला पोचली होती. तिथले एक माजी सभापती निवडणुकीच्या तयारीत होते आणि त्यांना सत्कार करण्यासाठी कोणीतरी हवंच होतं. गावच्या लेकीनं विश्वाचा कण शोधला, यासारखं सोयीचं काय? कार्यक्रम ठरला, मांडव ठरला, आबांनी आपल्या दोन्ही बहिणींना आणि सगळ्या सोयऱ्यांना बोलावणं धाडलं. मॅडमनी फोनवर सांगून पाहिलं, “आबा, एवढ्यात नको. तपासायचं हाय अजून.” आबा म्हणाले, “तू तपास की. आमी कुठं अडवतोय? कार्यक्रम रविवारी हाय.”

त्या आठवड्यात बुधवारी मॅडम स्टाफरूममध्ये आल्या त्या थेट खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर बघतच म्हणाल्या, “गेला.”

मला वाटलं, घरातलं कोणी. मी खुर्चीवरून उठलो. “कोण गेलं?”

“उंचवटा.”

मी परत बसलो. पण चेहरा खरोखर कोणी गेल्यासारखाच होता. चार वर्षांचं काम होतं ते. नंतर त्यांनी मला समजेल असं सांगितलं. हेडलाइटचे दोन उजेड जवळजवळ सरळ रेषेत येतात, म्हणून त्यांतून निघालेल्या तुकड्यांचे आडवे धक्के एकमेकांना पुरते फेडून टाकतात. ही अट त्यांनी कडक केली. खरा कण असता तर तो तग धरून राहिला असता. हा विरघळला. तो प्रत्यक्षात दुसऱ्याच घरचा होता. खऱ्याखुऱ्या टकरीतून आलेला, आधीपासून ओळखीचा कण. त्याचा एक तुकडा यंत्राच्या फटीत हरवला, त्यामुळे बेरीज चुकली आणि तो भलत्याच जागी नवा असल्यासारखा दिसला.

“म्हणजे तोतया,” मी म्हटलं.

“त्याचा काय दोष? तो काही बोलला नव्हता. बोललो आम्हीच.”

त्यांनी लगेच पुण्याच्या सरांना फोन लावला. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो, आवाज मला ऐकू येत होता. सर अतिशय प्रेमळ होते. “सुनंदा, घाई करू नकोस. पुढच्या महिन्यात परिषद आहे. आपला सारांश गेलेला आहे. ते होऊन जाऊ दे, मग शांतपणे बघू.”

“सर, बघून झालंय.”

“अगं, अट एवढी कडक करायचीच कशाला? थोडी सैल ठेव.”

“सैल ठेवली की दिसतो. तेवढी सैल ठेवली तर आणखी चार दिसतील, सर. कुठला ठेवू?”

मग सर म्हणाले, “तू फार हुशार आहेस, सुनंदा.” आपल्याकडे हे वाक्य शाबासकी म्हणून क्वचितच वापरतात.

त्याच दुपारी मॅडमनी उंचवटा नसल्याचं टिपण प्रयोगाच्या सगळ्या मंडळाला पाठवून दिलं. सभापतींना आणि प्राचार्यांनाही फोन केला. प्राचार्य म्हणाले, “बघू.” सभापती म्हणाले, “मांडव पडलाय ताई.”

रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. चौकात शिरताच फ्लेक्स दिसला. मजकूर असा होता: “टू फोटो प्रक्रियेतून नवीन कणाचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!” फोटॉन म्हणजे उजेडाचा कण, त्याचा शेवटचा न छापखान्यात राहिला होता. खाली खरोखर दोनच फोटो होते. एक सभापतींचा, पुरुषभर उंचीचा. दुसरा मॅडमचा, कोपऱ्यात, आधारकार्डावरून घेतलेला.

मॅडमनी गाडी थांबवायला लावली. नीट वाचलं. म्हणाल्या, “प्रक्रिया अचूक लिहिलीय. या दोन फोटोंतून काहीही तयार होत नाही.”

मांडव भरला होता. पहिल्या रांगेत आबा बसले होते. अंगात नवा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा. फेट्याची सवय नसल्यानं मान ताठ धरून बसले होते. सभापतींनी भाषणात विश्व, इंदापूर तालुका आणि स्वतः यांचं नातं सविस्तर उलगडून दाखवलं. मग मॅडमच्या अंगावर शाल पडली आणि हातात माइक आला.

त्या म्हणाल्या, “मंडळी, मी कण शोधलेला नाही. मला तो दिसला असं वाटलं होतं. नीट तपासल्यावर कळलं की तो नाहीच. पेपरात आलंय ते चूक आहे. हा सत्कार मला घेता येणार नाही. क्षमा करा.”

आणि त्यांनी शाल काढून घडी घातली, टेबलावर ठेवली.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. दिवसभरात पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या. सूत्रसंचालकानं माइक घेतला. “एवढा मोठा शोध लावूनसुद्धा मॅडम म्हणतात, मी काहीच केलं नाही! मंडळी, याला म्हणतात विनम्रता! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!” त्या झाल्या. सभापतींनी शाल उचलून परत त्यांच्या खांद्यावर घातली. फोटोग्राफरचा पहिला फोटो हुकला होता, त्याचीही सोय झाली.

साऱ्या मांडवात टाळी न वाजवणारा माणूस एकच होता. आबा. ते मॅडमकडे बघत होते.

कार्यक्रमानंतर मळ्यातल्या घरी जाताना जीपमध्ये आबा पुढं, आम्ही मागं. फेटा अजून डोक्याला तसाच. मग आबांनी मागं न वळता विचारलं, “खरंच न्हाय?”

“न्हाय आबा.”

“तपासलंस?”

“व्हय. चार बाजूंनी.”

“लोकांला कळलं का?”

“कुणालाच न्हाय कळलं.”

आबांनी दोन्ही हातांनी फेटा उतरवला आणि मांडीवर ठेवला. “मला कळलं,” ते म्हणाले. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. चष्मा नाकावर असताना डोळे पुसायला त्रास होतो, तरी त्यांनी तो काढला नाही.

पुढचं मला गावातल्या लोकांकडून कळलं. दुसऱ्या दिवशी आबा चौकात गेले आणि फ्लेक्स उतरवा म्हणाले. सभापतींच्या कार्यकर्त्यांनी समजूत घातली, “आबा, साहेबांचा वाढदिवस होईस्तवर उतरता येत न्हाय. फोटो हाय त्यांचा.” आबा घरी गेले, चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन आले, गड्याकडून शिडी धरवली आणि कणाची ओळ तेवढी पांढरी करून टाकली. बाकीच्याला हात लावला नाही. पुढं कितीतरी दिवस त्या चौकात सभापती आणि मॅडम नुसतेच झळकत होते आणि खाली “हार्दिक अभिनंदन!” कशाबद्दल, ते कोणीही विचारलं नाही. आमच्या भागात विचारत नाहीत.

पारावर मात्र आबांना लोक विचारायचे. “काय आबा, गावला का कण?”

“न्हाय गावला,” आबा म्हणायचे. “पोरीनं सोताच सांगितलं, न्हाय म्हणून. तुज्या पोरानं बी चार वर्सं पुण्यात काडली की. त्याला काय गावलं, त्ये सांगितलं का त्यानं?”

कॉलेजात मॅडमचा हिशेब ताबडतोब चुकता झाला. पुण्याच्या सरांनी त्यांना आपल्या प्रकल्पातून मोकळं केलं, तेही “तुझ्यावर कामाचा ताण नको” अशा काळजीनं. जपानच्या माहितीपर्यंत पोचायचा त्यांचा रस्ता सरांच्या संस्थेतून जात होता, तो बंद झाला. प्राचार्यांनी तपासणी समितीच्या अहवालातून कण काढून टाकला आणि मॅडमना स्नेहसंमेलनाच्या भोजन समितीचं प्रमुख केलं. पदार्थविज्ञानातल्या माणसाला पदार्थ सोपवण्यात काही चूक नाही, असं मी म्हणालो तेव्हा मॅडम पहिल्यांदाच माझ्या विनोदाला हसल्या. त्या वर्षी जिलेबी पुरली. आचाऱ्यानं “भरपूर हाय मॅडम” म्हटल्यावर त्यांनी काय विचारलं असेल, ते सांगायला नको.

एवढं होऊनही त्या रोज लायब्ररीच्या कोपऱ्यात बसून जुन्याच आकडेमोडीवर काम करत. मी एकदा विचारलं, आता कशासाठी? म्हणाल्या, “तो नाही, हे कळलं. पण किती नाही, ते काढायचंय.” नसण्यालाही माप असतं, हे मला मराठी साहित्यात कोणी शिकवलं नव्हतं.

मग एके दिवशी जपानहून एका बाईंची मेल आली. प्रयोगातल्या निकालांची शहानिशा करणाऱ्या गटाच्या त्या प्रमुख होत्या. मॅडमचं टिपण त्यांनी वाचलं होतं. पुण्याच्या सरांचा परिषदेतला सारांश त्याच टिपणावरून मागं घेतला गेला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाईंनी विचारलं होतं, इतरांना सापडलेले उंचवटे असेच तपासून द्याल का? रस्ता आम्ही इकडून उघडून देतो.

म्हणजे जगभरच्या विद्वानांनी मोठ्या आशेनं उंचवटे पाठवायचे आणि बारामतीतून ते सपाट करून परत जायचे. मॅडम खूश झाल्या. एवढं मानाचं आणि एवढं अप्रिय काम त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. आबांना त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, “म्हंजे लेव्हलिंग. जेसीबीवाल्याचं काम.”

“व्हय आबा.”

“चांगलं हाय. त्याबिगर पेरता येत न्हाय.”

“किती नाही” याचं त्यांचं माप पुढं छापून आलं. बातमी झाली नाही, फ्लेक्सही लागला नाही. पण नंतर परदेशातल्या एका गटानं त्याचा आधार घेतला. त्यांना दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगात नेमक्या त्याच जागी एक कण दिसत होता, आणि तो नुसत्या डिंकाचा असावा असा त्यांचा संशय होता. डिंक म्हणजे अणूच्या पोटातल्या कणांना एकत्र चिकटवून ठेवतो तो. त्याला विद्युतभार नसतो, म्हणून उजेड त्याला ओळखच दाखवत नाही. मॅडमच्या उजेडाच्या टकरीत तो कण दिसला असता तर संशय तिथंच संपला असता. दिसला नाही, म्हणून संशय बळकट झाला. मॅडमनी मला हे सांगितलं ते जिना उतरता उतरता, वीज गेली होती त्या दिवशी, आणि सांगून झाल्यावर लगेच म्हणाल्या, “अर्थात, सिद्ध काहीच झालेलं नाही. आणि प्राचार्यांना सांगू नका.”

पुढं आबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मॅडमनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि गावी गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी नाकारला. कॉलेजनं तो त्यांच्याशिवाय केला.

गेल्या वर्षी इंदापूरला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून मळ्यावर गेलो. दुपारची वेळ. बाहेर डाळिंबांची तोड चालली होती, क्रेटवर क्रेट रचले जात होते. पडवीत आबा खाटेवर पडून होते आणि त्यांच्या पायथ्याशी टेबल लावून मॅडम लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. यंत्र जपानमध्ये चालू होतं आणि त्या दिवशी त्याच्यावर लक्ष ठेवायची पाळी त्यांची होती. आता हे काम घरबसल्या करता येतं म्हणे. केस पुष्कळ पांढरे झाले होते. “बसा सर,” त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “पाच मिनिटं बोलू नका.” मी बसलो. पडद्यावर रेघा वाढत होत्या. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. आबांनाही कळत नसणार, पण ते उशीवर मान कलती करून तिकडंच बघत होते.

थोड्या वेळानं मी उठलो. अंगणात येऊन चपला घालत होतो तेव्हा मागून आबांचा आवाज आला. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा.

“गावलं... का काय?”

“न्हाय आबा. अजून न्हाय.”

“मंग... जेव आदी. त्ये काय... पळून जातंय व्हय?”

“पळूनच जातंय आबा,” मॅडम म्हणाल्या. “तीच तर अडचण हाय.”

मी वळून पाहिलं. आबा हसत होते. चेहऱ्याची एकच बाजू हलत होती, पण ती सगळी हसत होती. मॅडमनी ताट ओढून घेतलं, भाकरी दुधात कुस्करली आणि पडद्याकडे बघत बघत पहिला घास आबांच्या तोंडाशी नेला. तो थेट त्यांच्या गालाला लागला.

“हिकडं बघून भरव की गं,” आबा म्हणाले, आणि मॅडमनी खुर्ची वळवली.